पाणंदवाडी गटाचं शुद्धिपत्र

उदयसिंहाचे कार्यकर्ते गल्लीत पुस्तिका वाटत आले, तेव्हा क्रांती आडनाईक उंबऱ्यात बसून हरभऱ्याची भाजी निवडत होती. एकानं पुस्तिका तिच्या पुढ्यात ठेवली, "काकी, ह्यात तुमच्या वेळचंबी हाय बघा," म्हणाला आणि पुढच्या दाराला गेला.

तिनं पदराला हात पुसले. गुळगुळीत, जाड कागद. कव्हरवर हात जोडलेला उदयसिंह. तिच्या थोरल्या दिराचा, बाळासोंचा मुलगा; जिल्हा परिषदेचा उमेदवार. खाली ठळक अक्षरांत ‘पाणंदवाडी गट : निवडणुकांचा इतिहास, १९६२ ते आज’ आणि त्याखाली, लेखन : प्रा. मैथिली सबनीस.

ही मैथिली दिवाळीच्या आधी दोन दुपारी ह्याच उंबऱ्यात येऊन बसली होती. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची. तिशीची, चष्मा सारखा वर सरकवणारी, वहीत भराभरा लिहून घेणारी. क्रांतीनं तिला काही म्हणता काही लपवलं नव्हतं. सत्त्याण्णव साली आपण कशा उभ्या राहिलो, कशा निवडून आलो, सभागृहात काय बोललो, सगळं सांगितलं होतं. निघताना फोटोही दिला होता. डोक्यावर पदर, समोर माईक, हातात कागद, आणि तोंड उघडलेलं. बोलतानाचा असा फोटो तिच्याकडं एकच होता.

क्रांतीनं पानं उलटली. बासष्ट. सदुसष्ट. बहात्तर. एकोणऐंशी. मग मधली बिननिवडणुकीची वर्षं. ब्याण्णवला बाळासो, फेटा बांधलेले. अकराव्या पानावर, सत्त्याण्णवला, पुन्हा बाळासोच. फेटा तोच, फोटो दुसरा.

खाली लिहिलं होतं, ‘या काळात गट महिलांसाठी राखीव झाल्याने मा. बाळासो आडनाईक यांनी आपल्या भावजयीच्या माध्यमातून गटाचे प्रतिनिधित्व केले. त्यांच्याच दूरदृष्टीमुळे पाणंदवाडीचे सात एकरांचे मैदान जनतेसाठी वाचले.’

तिनं ते दोनदा वाचलं. नाव शोधलं. पानभर कुठंही तिचं नाव नव्हतं.

"माध्यमातून?" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की समोरच्या दारातली शेळी बिचकली. "मी काय रेडिओ हाय व्हय?"

आत सर्जेराव दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून बाहेर आले. तिनं पान त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. त्यांनी हात लांब करून वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, "इलेक्शनचं पुस्तक हाय. थोडं इकडचं तिकडं असायचंच की. जाऊ दे."

जाऊ दे. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडून तिनं दुसरं काही ऐकलं असेल नसेल, हे दोन शब्द रोज ऐकले होते. तिनं निवडलेली भाजी तशीच परातीत टाकली आणि उठली.

क्रांती हे नाव तिच्या बापानं ठेवलं होतं. लाल बावट्याचा कार्यकर्ता, मोर्चाला जाताना पोरीला खांद्यावर घेऊन जायचा. बारावी झाली आणि पाणंदवाडीच्या आडनाईकांत तिचं लग्न झालं. तेव्हा पाणंदवाडी म्हणजे शहराबाहेरचं ऊसपट्ट्यातलं गाव होतं. पुढं रस्ता रुंद झाला, उसात प्लॉट पडले, बंगले आले, अपार्टमेंट आली. महापालिकेत जायचं नाही म्हणून गावानं दर चार वर्षांनी मोर्चा काढायचा आणि शहराचंच पाणी प्यायचं. अशी पाच गावं मिळून पाणंदवाडी गट. ह्या गटावर बाळासोंची हुकमत होती.

सत्त्याण्णवच्या निवडणुकीआधी आरक्षणाची सोडत निघाली आणि गट महिला राखीव झाला. बाळासोंची बायको अंथरुणाला खिळलेली. बाळासो जेवताना म्हणाले, "सर्जाची बायको शिकल्याली हाय. तिला उभी करू. पाच वर्सं खुर्ची आपल्याच घरात ऱ्हाईल." तिला कुणी विचारलं नव्हतं. ती तेव्हा भाकरी वाढत होती.

पोस्टरवर बाळासोंचा फोटो ताटाएवढा आणि तिचा वाटीएवढा होता. पण फिरली तीच. पाच गावांतल्या गल्ल्या तिनं पायाखाली घातल्या. रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या बायका तिला सांगायच्या, "बसायला जागा न्हाय बाई, रोज हाकलत्यात." जुन्या जनावरांच्या दवाखान्यामागं जिल्हा परिषदेचं सात एकर रान मोकळं पडलं होतं. क्रांतीनं त्या बायकांना शब्द दिला की तुमचा बाजार तिथं बसवतो. दोनशे बारा मतांनी ती निवडून आली. मिरवणुकीत जीपवर हार घालून उभे राहिले ते बाळासो.

पहिली दोन वर्षं तिनं कोऱ्या लेटरपॅडवर सह्या केल्या. महिन्याला एक अख्खं पॅड. सभेला जायचं, बाळासो सांगतील तेव्हा हात वर करायचा, चहा प्यायचा, यायचं. घरी आल्यावर तिला आपल्याच हाताची किळस यायची, पण तो वर व्हायचाच.

तिसऱ्या वर्षी सभेच्या विषयपत्रिकेवर चौदावा विषय आला. तेच सात एकर रान नव्व्याण्णव वर्षांच्या करारानं एका शिक्षण संस्थेला देणे. संस्था बाळासोंचीच. त्यांनी सकाळी सांगितलं, "चौदाव्याला हात वर."

चौदाव्याला ती उभी राहिली आणि विरोधात बोलली. हात वर करून मोजणी झाली. ठराव एका मतानं पडला.

त्यानंतर घरात चूल वेगळी झाली. पुढं बंगला बाळासोंचा, मागच्या दोन खोल्या सर्जेरावांच्या, मधे विटांची भिंत. मैदानावर पुढं बाजार बसला, आरोग्य उपकेंद्र झालं, पोरी पोलीस भरतीसाठी पळायला यायला लागल्या. दोन हजार दोनला गट खुला झाला, बाळासो पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा आले. त्यानंतर क्रांतीला कुणी कशाला बोलावलं नाही. तिनं तेही गिळलं. पण गिळलेलं आता वर आलं होतं.

ती साडी बदलून एसटीनं शहरात, शाहूपुरीत गेली. मैथिली तिथं आईबरोबर राहायची. दार उघडल्या उघडल्या क्रांतीनं पुस्तिका पुढं केली.

"ह्यासाठी फोटो नेलासा माझा?"

मैथिलीचा चेहरा उतरला. "काकू, आत या ना."

"आत न्हाई येत. हे तुमी लिवलंय?"

मैथिली आत गेली आणि लॅपटॉप घेऊन आली. उभ्या उभ्या तिनं ते पान उघडून दाखवलं. त्यात सगळं होतं. क्रांतीचं नाव, दोनशे बारा मतं, चौदावा विषय, मैदान. फोटोही होता. "मी हेच दिलं होतं," ती म्हणाली. "प्रूफं उदयसिंहांच्या ऑफिसात गेली. तिथं बदललं. मला छापून आल्यावर कळलं."

"मग नाव काढून घ्या की तुमचं. सांगा, हे माझं न्हवं म्हणून."

मैथिलीनं लॅपटॉप मिटला. मग आवाज उतरवून म्हणाली, "मी तासिकेवर आहे, काकू. सात वर्षं. कॉलेज त्यांच्याच संस्थेचं आहे. मार्चमध्ये कायम जागेची मुलाखत आहे."

क्रांतीला तिची दया यायला हवी होती. आली नाही. "म्हणजे तुमीबी माध्यमच की," ती म्हणाली आणि वळली.

जिन्यावर मैथिलीनं मागून हाक मारली. "काकू, सभेचं इतिवृत्त असतं. कोण काय बोललं, कुणी विरोध केला, सगळं लिहिलेलं असतं. त्याची सहीशिक्क्याची नक्कल मिळते. अर्ज करा."

क्रांतीनं मागं बघितलं नाही, पण ऐकलं.

त्याच दिवशी दुपारी ती भिंतीला वळसा घालून बाळासोंच्या अंगणात गेली. पंचवीस वर्षांत ती तिथं फक्त लग्नाकार्याला गेली होती. एकोणऐंशी वर्षांचे बाळासो उन्हात खुर्ची टाकून बसले होते. उदयसिंह फोनवर बोलत फेऱ्या मारत होता.

"भाऊजी, अकराव्या पानावर तुमचा फोटो कसा?"

बाळासोंनी तिच्याकडं असं बघितलं, जसं एखाद्या दूधवाल्यानं दिवाणखान्यात येऊन बसावं. "कुणाचा पायजे मग?"

"जो निवडून आला त्याचा."

"तुला कोण वळखत हुतं गं? माझ्या नावावर मतं पडली. मी उभी केली म्हणून उभी ऱ्हायलीस."

"व्हय, उभी तुमीच केलीसा. बसवायला मातर जमलं न्हाई तुमास्नी," क्रांती म्हणाली. "आणि मैदान? मैदान तुमच्या दूरदृष्टीनं वाचलं? भाऊजी, तुमच्या दातातनं काढलंय ते मी!"

उदयसिंहानं फोन खाली केला. तो हसतमुख माणूस होता, हसतच राहिला. "काकी, आचारसंहिता चालू हाय. आवाज जरा कमी. निकाल लागू दे, मग बसून बोलू की निवांत."

"आताच बदल ते पान."

"सहा हजार कॉप्या गेल्या काकी. आता घराघरांत जाऊन पान फाडू व्हय?"

ती परत आली. घागर उचलून नळाला गेली. ती एकसष्ट वर्षांची होती आणि अजून पाणी डोक्यावरून आणायची. घराघरांत जाऊन पान फाडू व्हय, हे वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं, आणि फिरता फिरता त्यातली थट्टा गळून पडली.

दुसऱ्या दिवशी तिनं जिल्हा परिषदेत अर्ज दिला. अभिलेख कक्षातल्या लिपिक बाईनं नाव वाचलं, वर बघितलं, म्हणाली, "तुम्ही स्वतःच का?" आणि चार दिवसांत नक्कल काढून दिली. पाच पानं, प्रत्येकावर शिक्का.

क्रांतीनं ती घरी आणून टेबलावर ठेवली आणि चहा करायला आत गेली. बाहेर आली तेव्हा सर्जेराव ती पानं वाचत होते. ओठ हलवत, बोट ओळीखाली फिरवत. तिसऱ्या पानावर बोट थांबलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"‘सौ. क्रांती सर्जेराव आडनाईक यांनी विरोध नोंदवला. त्या म्हणाल्या की, ही जागा माझ्या घरच्या संस्थेला चालली आहे, म्हणूनच माझा विरोध आहे. ज्या बायकांनी मला मत दिले त्यांना मी ही जागा कबूल केली आहे.’"

सर्जेरावांनी कागद खाली ठेवला. "हे तू बोल्लीस? तितं?"

"मग कोण बोल्लं? भाऊजी?"

"मला दादानं सांगितलतं," सर्जेराव सावकाश म्हणाले, "की विरोधकांनी तुला सभापतिपद कबूल केलतं. म्हणून फुटलीस."

चूल वेगळी झाल्यावर हा माणूस पाच महिने तिच्याशी बोलला नव्हता. पुढच्या खोलीत झोपायचा, ताट सरकवलं की जेवायचा. ती समजत होती की भावाविरुद्ध गेल्याचा राग आहे. राग एक वेळ तिला कळला असता. पण हा तिला विकली गेलेली समजत होता. गेली पंचवीस वर्षं, रोज, तिच्या हातचं खाऊन.

"आणि तुमी मला इचारलं न्हाईसा," ती म्हणाली. "एकदाबी."

"दादा खोटं कशाला बोलंल असं वाटलं."

"आणि मी बोलंन असं वाटलं!"

तिनं हातातला कप तिथंच ठेवला, पाची पानं पिशवीत घातली आणि शाहूपुरीतल्या एका छापखान्यात गेली. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापणारं लहान दुकान. मालकाला तिनं पोस्टकार्डाएवढा कागद हवा म्हणून सांगितलं. वर ‘शुद्धिपत्र’. खाली मजकूर तिनं सांगितला आणि त्यानं टाइप केला.

‘पाणंदवाडी गटाच्या इतिहासाची पुस्तिका आपल्याला मिळाली आहे. तिच्या पान अकरावर “बाळासो आडनाईक” याऐवजी “क्रांती सर्जेराव आडनाईक” असे वाचावे. “भावजयीच्या माध्यमातून” हे शब्द गाळावेत. “त्यांच्याच दूरदृष्टीमुळे... मैदान जनतेसाठी वाचले” याऐवजी “मैदान बाळासो आडनाईक यांच्या संस्थेला देण्याचा ठराव एका मताने पडला” असे वाचावे. आधार : सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त, विषय क्रमांक चौदा.’

मग ती म्हणाली, "आणखी एक ओळ घाला. ‘सदर सदस्या पहिली दोन वर्षे कोऱ्या लेटरपॅडवर सह्या करत होत्या, हेही खरे आहे.’"

मालकानं हात थांबवला. "हे कशाला घालतायसा? स्वतःच्याच पायावर दगड?"

"शुद्धिपत्र हाय न्हवं? मग सगळंच शुद्ध करू."

मालक जाणता होता. निवडणुकीच्या दिवसांत कागद छापायचा तर खाली छापणाऱ्याचं आणि प्रकाशित करणाऱ्याचं नाव, प्रतींची संख्या लागते, हे त्यानंच सांगितलं. प्रकाशक म्हणून तिनं आपलं पूर्ण नाव घातलं.

चार दिवस ती फिरली. सकाळी भाकरी बांधून निघायची, एका गावात सगळी घरं करायची. दार वाजवायचं, म्हणायचं, "पुस्तक आलंय न्हवं तुमच्यात? त्यात एक चूक झाल्या. हे अकराव्या पानात ठेवा." काहींनी घेतलं. काहींनी दारातूनच, "आमी आडनाईकांची माणसं हाय, आम्हाला भानगड नको," म्हणून लावून घेतलं. नव्या अपार्टमेंटमधल्या एकीनं विचारलं, "कोण बाळासो?" क्रांतीला त्या बाईचा फार राग आला आणि नंतर जिना उतरताना हसूही आलं. बाजारातल्या धोंडुबाईनं मात्र मेथीच्या जुड्या बाजूला सारून शंभर कागद मागून घेतले आणि दिवसभर भाजीबरोबर वाटले. पहिल्या दिवशी बाजार बसला तेव्हापासून धोंडुबाई तिथं होती. ती गिऱ्हाइकाला म्हणायची, "भाजी नको घेऊस, पर हे घे."

तिसऱ्या दिवशी उदयसिंहाची बायको स्नेहल मागच्या दारानं आली. स्नेहल दोन हजार सतराला ह्याच गटातून निवडून आली होती, तेव्हाही गट महिला राखीव होता म्हणून. पुस्तिकेत तिच्या पानावर उदयसिंह पुढं उभा होता आणि ती त्याच्या खांद्यामागं अर्धी दिसत होती.

"काकी, तुमच्या कागदात माझं काही घालू नका," ती घाईनं म्हणाली. "लोक म्हणतायत, पुढचा कागद माझा येणार."

"का नको? तुझ्याबी पानावर त्योच हाय की."

"मला त्या घरात राहायचंय."

"मीबी ऱ्हायलीच की गं भिंतीच्या अलीकडं."

"तुमची भिंत होती," स्नेहल म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "मला भिंतसुद्धा नाही." ती दारापर्यंत गेली, परत आली, टेबलावरच्या गठ्ठ्यातले थोडे कागद उचलून पिशवीत कोंबले आणि न बोलता निघून गेली. त्यांचं तिनं काय केलं, हे क्रांतीला शेवटपर्यंत कळलं नाही.

चौथ्या दिवशी कुणीतरी तक्रार केली आणि चौकात भरारी पथकाची गाडी तिच्याजवळ थांबली. अधिकारी तरुण होता, उन्हानं रापलेला. त्यानं कागद वाचला, खालची नावं बघितली, इतिवृत्ताच्या नकला बघितल्या. एक हवालदार व्हिडिओ काढत होता. भोवती माणसं जमली.

"कुणाच्या विरोधात प्रचार करताय?"

"कुणाच्या न्हाई. चूक दुरुस्त करतोय."

"मत कुणाला द्या म्हणून सांगताय?"

"ज्येला द्यायचं त्येला द्या. पर मागच्या वेळी कुणाला दिलतं ते तरी नीट ऱ्हाऊ दे."

अधिकाऱ्यानं कागद परत दिला. "जावा," म्हणाला. गाडी गेली.

त्याच दिवशी संध्याकाळी पाचला त्याच चौकात उदयसिंहाची कोपरा सभा झाली. क्रांती शेजारच्या किराणा दुकानाच्या पायरीवर उभी होती. भाषण संपवताना उदयसिंहानं खिशातून शुद्धिपत्र काढलं.

"आमच्या काकी फिरत्यात. माझ्या आईसारख्या. मी त्यांच्याबद्दल वाईट बोलणार न्हाई. त्यांचंच वाचून दाखवतो," तो म्हणाला आणि फक्त शेवटची ओळ वाचली. "‘कोऱ्या लेटरपॅडवर सह्या करत होत्या, हेही खरे आहे.’ ऐकलासा? त्यांनीच लिवलंय. आता सांगा, काम कोण करत हुतं?"

माणसं हसली. टाळ्या वाजल्या. किराणावालाही हसला आणि तिच्याकडं बघून गप्प झाला.

खरं लिहिलं म्हणून हसतात. खोटं छापलं तेव्हा कुणी हसलं नव्हतं. तिनं पायरीवरूनच ओरडून सांगितलं, "वरच्या चार ओळी वाच की रं! तितं काय जीभ झडती?" पण तोवर स्पीकरवर गाणं लागलं होतं, आणि तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

घरी येताना तिला वाटलं, ती ओळ घातली नसती तर बरं झालं असतं. दाराशी पोचेपर्यंत तिनं ते मनातून काढून टाकलं. ती ओळ खरी होती. लाज तिला वाटायला हवी होती ती सह्यांची, आणि ती तिनं वाटून घेतली होती. उदयसिंहाला कशाचीच वाटत नव्हती, हा त्याचा गुण झाला, तिचा दोष नव्हे.

एक गाव राहिलं होतं, सगळ्यांत लांबचं, माळावरचं. सकाळी ती उठली तर गठ्ठा जाग्यावर नव्हता. सर्जेरावांची स्कूटरही नव्हती. दुपारी ते आले. टोपी धुळीनं भरलेली, एका कोपराला खरचटलेलं.

"माळावरची समदी घरं झाली," ते म्हणाले. "दोघांनी फाडून टाकलं तोंडावर. एक जण म्हणाला, भावाच्या विरोधात फिरतोस व्हय. मी म्हटलं, भावाच्या न्हाई, माज्याच."

क्रांतीनं त्यांचं कोपर बघितलं. हळद आणून दिली. लावून दिली नाही.

निकाल लागला. उदयसिंह एकोणीसशे मतांनी आला. शुद्धिपत्रानं काय फरक पडला असेल तो कुणाला मोजता येणार नव्हता. माळावरच्या गावात त्याची मतं कमी पडली म्हणतात, पण ते गाव आधीपासूनच तिरकं होतं. गुलाल उधळला, जेसीबीतून हार घातले. मिरवणूक आडनाईकांच्या दाराशी आली, आणि उदयसिंह भिंतीला वळसा घालून मागच्या दोन खोल्यांपाशी आला. मागं फोटोग्राफर होता.

"काकी, आशीर्वाद द्या. झालं गेलं सोडा."

तो वाकला. क्रांतीनं पाय मागं घेतले.

"अकरावं पान?"

उदयसिंह वाकलेला तसाच वर बघून हसला. फोटोग्राफर बाजूला थांबला होता. "पुढच्या आवृत्तीत बघू की, काकी."

"मग पायाबी पुढच्या आवृत्तीतच पड," क्रांती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

आतून तिला ऐकू आलं, बाहेर कुणीतरी घोषणा दिली आणि ताशा पुन्हा सुरू झाला. सर्जेराव खाटेवर बसले होते. त्यांना मिरवणुकीचं बोलावणं आलं होतं, गेले नव्हते. क्रांतीला त्यांना काहीतरी म्हणावंसं वाटलं. पण पंचवीस वर्षांचा हिशेब एका स्कूटरच्या फेरीत फिटत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं, आणि त्यांनाही असावं, कारण त्यांनी वर बघितलं नाही.

एप्रिलमध्ये मैथिलीचा फोन आला. कायम जागेवर दुसऱ्याच कुणाची नेमणूक झाली होती. "नाव काढून घ्यायला हवं होतं मी," ती म्हणाली. क्रांतीच्या जिभेवर बरंच काही आलं. ती एवढंच म्हणाली, "रविवारी पाणंदवाडीला ग्रामसभा हाय. वही घेऊन या."

ग्रामसभेपुढं सहावा विषय होता, ‘मैदानावर व्यापारी संकुल उभारण्यास शिफारस’. जागा जिल्हा परिषदेची, पण गावाची शिफारस लागते. देवळापुढच्या मंडपात पुरुष खुर्च्यांवर बसले होते. बाजारातल्या चाळीसेक बायका पाट्या बाजूला ठेवून जमिनीवर बसल्या होत्या, पुढं धोंडुबाई. उदयसिंह व्यासपीठावर होता. मैथिली मंडपाच्या खांबाला टेकून उभी होती, वही उघडी.

ग्रामसेवकानं विषय वाचला. क्रांती उभी राहिली आणि तिनं इतिवृत्ताची पानं वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानापासून, कोण हजर, कोण गैरहजर. उदयसिंह म्हणाला, "काकी, मुद्द्यावर या." ती म्हणाली, "येतोय. तोवर बसून ऱ्हा." बायका हसल्या. कुणीतरी पुरुषांतून ओरडलं, "बसा की आता!" धोंडुबाई वळून त्याच्यावर अशी ओरडली की तो उठून चालता झाला. गोंधळ झाला, एक खुर्ची पडली, माईक कुणीतरी ओढला. क्रांती माईकशिवाय वाचत राहिली. घसा फाटला, तरी तिसरं पान पुरं केलं.

शेवटी सरपंचांनी विषय तहकूब केला.

तहकूब म्हणजे रद्द नव्हे, एवढं तिला जिल्हा परिषदेतल्या पाच वर्षांनी शिकवलं होतं. बायका पाट्या उचलायला लागल्या, एकमेकींना टाळ्या द्यायला लागल्या. क्रांती सरळ ग्रामसेवकाच्या टेबलापाशी गेली.

"पुढली तारीख कवा?"

"अजून ठरली नाही, ताई. नोटीस लागेल."

"लागंल तवा लागंल. माझं नाव लिवून घ्या, बोलणाऱ्यांत पयलं. पूर्ण नाव लिवा."

त्यानं लिहून घेतलं. तिनं वाकून ते वाचलं, एक वेलांटी चुकली होती ती दुरुस्त करायला लावली, आणि मग ती घरी निघाली.